थांब आणि थांबा

पहारा ही मानवी समाजातील फार जुनी संस्था आहे. गावाची वेस, किल्ल्याचा दरवाजा, छावणीचे फाटक, अशा ठिकाणी कोणी तरी जागा राहतो, म्हणून बाकीच्यांना निश्चिंत झोप लागते. काही वर्षे सैन्यात काढून मग मुलकी सेवेत आलेल्या माझ्यासारख्याला या संस्थेचे जुने रूप चांगले परिचयाचे आहे. छावणीच्या पहारेकऱ्याचे तोंड बाहेरच्या बाजूस असते. ज्यांचे रक्षण करावयाचे ते त्याच्या पाठीशी असतात. ज्याचा संशय घ्यावयाचा तो समोरून येतो. विमानतळावरील झडतीने ही सोयीची विभागणी मोडली. तेथे ज्याची झडती घ्यावयाची, त्याचेच रक्षणही करावयाचे असते. हा नवा पहारा आपण कसा शिकलो, त्याचा इतिहास सुखद नाही.

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. प्रवासी सुखरूप परतले. विमान मात्र तेथेच जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले आणि पाकिस्तानच्या दोन भागांमधील हवाई वाहतुकीला सिलोनचा वळसा पडला. एवढी उलथापालथ ज्या पिस्तुलाने व हातबाँबने घडविली, ती दोन्ही शस्त्रे नकली होती! आकाशात वैमानिकाला खऱ्याखोट्याची पारख करीत बसता येत नाही. ती जमिनीवरच व्हावयास हवी. अमेरिकेने जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची केली. भारतातही १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निघाला.

यंत्रे आली, नियम झाले. परंतु नियम राबविणारा शेवटी माणूसच. २२ जून १९८५ रोजी कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर एका प्रवाशाने आपली बॅग टोरोंटोहून पुढे एअर इंडियाच्या विमानात परस्पर चढविण्याचा आग्रह धरला. पुढील विमानात त्याची जागा निश्चित नव्हती. नियमाप्रमाणे ते शक्य नव्हते. खिडकीवर प्रथम नकारच मिळाला. परंतु मागे रांग खोळंबली होती, प्रवासी ऐकेना, आणि अखेर बॅग घेतली गेली. तो स्वतः विमानात चढलाच नाही. टोरोंटोत सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्याच दिवशी मध्येच बिघडले व उरलेल्या सामानावर हातातील एक उपकरण फिरवून काम भागविण्यात आले. दुसऱ्या दिवशी ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर स्फोटाने फुटले. ३२९ जीव गेले.

सैनिकाच्या दृष्टीने ही हकीकत विचार करावयास लावणारी आहे. येथे कोणी शत्रूला भ्याले नाही, कोणी पहाऱ्यावर झोपले नाही. नडला तो संकोच. अंधारातून येणाऱ्या शत्रूला ‘थांब’ म्हणणे त्या मानाने सोपे; उशीर होत असलेल्या सभ्य गृहस्थाला ‘थांबा’ म्हणणे फार अवघड. मालक विमानात नसेल तर त्याचे सामानही विमानात असू नये, हा साधा नियम जगाने एवढी किंमत मोजून मनावर घेतला. भारतात १ एप्रिल १९८७ रोजी नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग स्वतंत्र झाला.

तरीही २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे येणाऱ्या विमानात पाच सशस्त्र इसम चढू शकले. ते विमान कंदाहारला गेले आणि प्रवाशांच्या सुटकेसाठी सरकारला तीन कैदी सोडावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून आरंभ करून आपल्या विमानतळांचा पहारा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा बलाकडे जाऊ लागला. १९६९ मध्ये सरकारी कारखान्यांच्या रक्षणासाठी उभारलेल्या या दलाच्या वाट्याला आता रोज हजारो निरपराध माणसांची झडती आली.

कारखाने, रुग्णालये, कचेऱ्या यांच्या दारांवर आज अनेक माजी सैनिक उभे असतात. खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना नेमणुकीत प्राधान्य देण्यास मुभा दिली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु रणांगणावरची शिस्त येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. समोरच्याला शत्रू न मानता त्याची पिशवी शत्रूची असावी तितक्या काळजीने पाहणे, ही येथील विद्या होय.

या विद्येला आधार मात्र आपण द्यावयाचा आहे. काही उच्चपदस्थांना विमानतळावरील झडतीतून सूट आहे. त्यातील काहींना ती कामाच्या दृष्टीने आवश्यकही असेल. पण सूट ही हळूहळू प्रतिष्ठेची खूण बनते, आणि मग ज्याला ती नाही त्याला झडती हा अपमान वाटू लागतो. सरकारी अधिकाऱ्याने रांगेत उभे राहून निमूटपणे हात पसरले, तर त्या पहारेकऱ्याच्या ‘थांबा’ या शब्दाला वजन येते. ते वजन टिकले, तर पुढच्या हट्टी प्रवाशापुढे त्याला नमावे लागणार नाही.