तुम्ही खेळलात तरी कुणाशी?

सुरुवातीलाच एक खुलासा. या लेखातला फुटबॉल मेस्सीचा नाही. अंडाकृती चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि एकमेकांना धडका देणारी धिप्पाड पोरं, असा हा अमेरिकन फुटबॉल आहे. त्यातही कॉलेजांचा. मी तो कधी खेळलेलो नाही. पण माझा एक अमेरिकेतला सहकारी सोमवारच्या कॉलमध्ये कामाआधी पाच मिनिटं शनिवारच्या मॅचवर बोलायचा, आणि त्याची तक्रार ठरलेली असायची: "अमकी टीम वर कशी? ती खेळली तरी कुणाशी?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. का, ते शेवटी सांगतो. आधी १९८४.

अडचण अशी की कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात शंभराहून जास्त टीम्स आहेत आणि एका सीझनमध्ये प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम डझनभर मॅचेस येतात. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. त्यामुळे आयपीएलसारखं एकच पॉइंट्स टेबल इथे चालत नाही. आणि कित्येक दशकं तर फायनलही नव्हती. चॅम्पियन कोण, हे मतदानानं ठरायचं. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून दर आठवड्याला क्रीडा पत्रकारांची मतं घेऊ लागली. १९५० पासून युनायटेड प्रेसनं कोचेसचं मतदान सुरू केलं.

पहिल्याच वर्षी काय झालं पाहा. मिनेसोटा नॉर्थवेस्टर्नकडून ६-० अशी हरली. मग नॉर्थवेस्टर्न एक नंबरवर गेली. पण शेवटच्या मॅचमध्ये नोत्र दामनं तिला २६-६ असं झोपवलं आणि पत्रकारांनी पहिला नंबर परत मिनेसोटाला देऊन टाकला. एकच हार दोघींची. फरक इतकाच, की एकीची हार आधी झाली होती आणि दुसरीची ताजी होती. म्हणजे रँकिंग आणि त्यावरची भांडणं जुळी भावंडं आहेत.

आता १९८४. ब्रिगम यंग विद्यापीठ, लोक त्याला बीवाययू म्हणतात. यूटा राज्यातल्या प्रोव्हो शहरातलं, मॉर्मन चर्चचं विद्यापीठ. कोच लाव्हेल एडवर्ड्स. आधीच्या वर्षीचा स्टार क्वार्टरबॅक स्टीव्ह यंग निघून गेला होता आणि त्याच्या जागी रॉबी बॉस्को आला होता. सीझनच्या सुरुवातीला या टीमचं नाव यादीत कुठेच नव्हतं. १ सप्टेंबरला त्यांनी तिसऱ्या क्रमांकाच्या पिट्सबर्गला तिच्याच गावात जाऊन २०-१४ असं हरवलं. मग बीवाययू जिंकतच गेली. हवाईविरुद्ध १८-१३, वायोमिंगविरुद्ध ४१-३८, कधी घासून, कधी आरामात. १७ नोव्हेंबरच्या शनिवारी तिच्या वर असलेल्या नेब्रास्का आणि साउथ कॅरोलायना या दोन्ही टीम्स हरल्या, आणि बीवाययू देशात पहिली झाली.

इथून टीकेचा धुरळा उडाला. बीवाययू वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये खेळायची. आपल्या भाषेत बोलायचं तर तालुक्याची स्पर्धा. आणि ज्या पिट्सबर्गला हरवून तिचं नाव झालं, ती टीम त्या सीझनमध्ये पुढे पार कोसळली: ३ विजय, ७ पराभव, १ बरोबरी. बीवाययूनं हरवलेली एकही टीम वर्षअखेर पहिल्या वीसात उरली नाही.

तेव्हा सीझन संपल्यावर मोठमोठ्या 'बोल' मॅचेस व्हायच्या, पण त्यात कोणी कुठे जायचं हे करारांनी बांधलेलं होतं. बीवाययूच्या कॉन्फरन्सच्या विजेत्याला सॅन दिएगोच्या हॉलिडे बोलमध्येच जावं लागे. तिथे समोर आली मिशिगन. नाव फार मोठं, पण त्या वर्षीचा हिशेब ६ विजय, ५ पराभव. २१ डिसेंबरच्या रात्री बॉस्को पहिल्याच क्वार्टरमध्ये पाय दुखावून बाहेर गेला, लंगडत परत आला, आणि १०-१७ अशी पिछाडी असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यानं मॅच फिरवली. २४-१७. सीझनचा हिशेब १३-०.

दावेदार दुसरीही होती. वॉशिंग्टन. तिनं १ जानेवारीला ऑरेंज बोलमध्ये दोन नंबरच्या ओक्लाहोमाला २८-१७ असं हरवलं. तिचा हिशेब ११-१, पण प्रतिस्पर्धी तगडे. शिवाय दोघींमध्ये एक समान धागा होता, मिशिगन. वॉशिंग्टननं सप्टेंबरमध्ये मिशिगनला तिच्या घरच्या मैदानावर २०-११ असं हरवलं होतं. तेव्हा मिशिगनचा क्वार्टरबॅक जिम हारबॉ धडधाकट होता. ऑक्टोबरमध्ये त्याचा हात मोडला, आणि बीवाययूच्या वाट्याला आली ती त्याच्याशिवायची मिशिगन.

तरीही दोन्ही मतदानांनी कौल बीवाययूला दिला.

मग तो नंबर तिच्या हक्काचा होता का? मी बराच काळ यावर हो-नाही करत होतो. नंतर लक्षात आलं, की इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक: उद्या दोघींची मॅच लावली तर कोण जिंकेल? दोन: आतापर्यंत समोर आलेलं काम कुणी जास्त चोख केलं? पहिला प्रश्न अंदाजाचा, दुसरा हिशेबाचा. पहिल्याचं उत्तर म्हणून मी वॉशिंग्टनवर पैसे लावले असते. दुसऱ्याचं उत्तर बीवाययू. वॉशिंग्टन नोव्हेंबरमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाकडून १६-७ अशी हरली होती. जी टीम हरलेली आहे तिला, न हरलेलीच्या वर ठेवायचं तर कारण तितकंच भक्कम हवं.

हे गणितात मांडता येतं. वेस्ली कॉली या शास्त्रज्ञाची रँकिंगची पद्धत मला आवडते, कारण ती उघड आहे, कुणीही बसून करून पाहावी अशी. सुरुवातीला सगळ्या टीम्स सारख्या, प्रत्येकीला अर्धा गुण. मग विजयांमध्ये १ मिळवायचा, मॅचेसमध्ये २ मिळवायचे, आणि भागायचं. १३-० असलेल्या बीवाययूचे १४ भागिले १५, म्हणजे ०.९३. ११-१ असलेल्या वॉशिंग्टनचे १२ भागिले १४, म्हणजे ०.८६. ही झाली पहिली पायरी. पुढे प्रतिस्पर्धी किती तगडे होते ते यात मिसळायचं, पण त्यांचे गुण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून, आणि त्यांचे त्यांच्यावर. म्हणून सगळ्या टीम्सची समीकरणं एकदम सोडवायची. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी ज्या मॅट्रिक्सना आपण शिव्या घालतो, त्याच इथे कामाला येतात.

१९९८ साली बोल चॅम्पियनशिप सिरीज सुरू झाली, तेव्हा माणसांच्या मतांबरोबर कॉम्प्युटरची रँकिंगही धरली जाऊ लागली. पुढे अशा सहा पद्धती होत्या, आणि त्यांतली पूर्ण उघड होती ती कॉलीची. २०१०च्या डिसेंबरमध्ये जेरी पाम नावाच्या विश्लेषकानं कॉलीचे आकडे स्वतः तपासले आणि त्याला चूक सापडली. खालच्या स्तरावरची, अ‍ॅपलाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय ही एक मॅच डेटामध्ये भरायचीच राहिली होती. ती भरल्यावर लुइझियाना स्टेट दहावरून अकरावर गेली आणि बॉइझी स्टेट अकरावरून दहावर आली. कॉलीनं चूक मान्य केली. बाकीच्या पद्धतींत अशा किती चुका असतील, हे बाहेरच्या कुणाला तपासताच येत नव्हतं.

पण गणित कितीही उघड असलं तरी एका जागी तेही अडतं. जी मॅच झालीच नाही तिचा डेटा कुठून आणणार? मोठी टीम छोट्या पण चांगल्या टीमशी खेळायला नाखूश असते. जिंकली तर कौतुक नाही, हरली तर नाचक्की. वेळापत्रकं कित्येक वर्षं आधी ठरतात. बीवाययूनं पिट्सबर्गशी मॅच ठरवली तेव्हा ती टीम पुढे कोसळणार हे कुणाला माहीत होतं? आधी म्हणायचं, तू मोठ्यांशी खेळत नाहीस म्हणून खाली. मग म्हणायचं, तू खाली आहेस म्हणून आम्ही तुझ्याशी खेळत नाही.

१९८४ नंतर बीवाययूसारख्या छोट्या कॉन्फरन्समधली कुठलीही टीम पत्रकारांच्या मतदानात पहिली आलेली नाही. १९९६ मध्ये बीवाययूच १३-१ होती, देशात पाचवी होती, तरी मोठ्या कॉन्फरन्सेसनी आपसात वाटून घेतलेल्या बोल मॅचेसमध्ये तिला जागा मिळाली नाही. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा एकही मॅच हरली नाही. निवड समितीनं तिला बाराव्या क्रमांकावर ठेवलं. मग तिनं पीच बोलमध्ये ऑबर्नला ३४-२७ असं हरवलं. त्याच ऑबर्ननं त्या सीझनमध्ये अलाबामा आणि जॉर्जिया या दोघींना प्रत्येकी एकदा हरवलं होतं, आणि फायनल झाली ती अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. कॉलीच्या यादीत त्या वर्षी पहिली सेंट्रल फ्लोरिडा होती.

मोठ्या कॉन्फरन्सलाही याची झळ लागली ती २०२३ मध्ये. फ्लोरिडा स्टेट १३-० होती, पण तिचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाला होता. समितीनं तिला पाचवं ठेवलं आणि १२-१ अशी अलाबामा चौथी म्हणून आत गेली. पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियानं फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असं चिरडलं. लोक म्हणाले, बघा, समितीचं बरोबर होतं. पण त्या मॅचला फ्लोरिडा स्टेटचे ढीगभर खेळाडू उतरलेच नव्हते. ज्या संधीसाठी १३ मॅचेस जिंकल्या ती गेल्यावर कोण हाडं मोडून घेईल?

आता माझ्याबद्दल. मी ज्या कॉलेजातून इंजिनियर झालो तिथे मोठ्या कंपन्या कॅम्पसला यायच्याच नाहीत. नापास व्हायलाही आधी परीक्षेला बसू द्यावं लागतं. आम्ही बसलोच नाही. पुढे कसाबसा आत शिरलो, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत आलेल्या अर्जांची क्रमवारी लावणारा कोड लिहायचं काम माझ्याकडेच आलं. त्यात कॉलेजच्या नावाला वजन होतं. यादी वरून आली होती, मी ती मुकाट्यानं भरली. टेस्ट म्हणून स्वतःचा जुना बायोडेटा टाकून पाहिला. पहिल्या दोनशेतही नव्हतो.

त्या रात्री मी बीवाययूबद्दल वाचायला लागलो. नंतर मीटिंगमध्ये म्हटलं, की कॉलेजचं वजन काढून टाकू. ऐकलं गेलं नाही, अर्धं कमी झालं. पण एक गोष्ट मागून मिळवली: यादीच्या तळातून दर वेळी थोडे अर्ज चिठ्ठ्या टाकून उचलायचे आणि त्यांना तीच टेस्ट द्यायची. त्यातले किती जण पास होतील, मला ठाऊक नाही. निदान त्यांची मॅच तरी झालेली असेल.