नोकरीकडून बोलीकडे

दर वर्षी दिवाळीचे फटाके थांबले की कल्याण-ठाणे पट्ट्यातल्या लोकलच्या डब्यात एक नवा विषय निघतो. कुणाला संघाने ठेवलं, कुणाला सोडलं, कुणाची अदलाबदल झाली आणि येत्या लिलावात कोण कितीला जाणार! मैदानावर आयपीएलचा एक चेंडू पडलेला नसतो, तरी डोंबिवलीला चढलेला माणूस ठाणे येईपर्यंत दोन-तीन संघ बांधून मोकळा होतो. या गप्पांना आता पंधरा-सोळा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. म्हणजे तो इतिहासाचाच विषय झाला. आज बोलायचं आहे ते याविषयी, की खेळाडूची किंमत ठरवण्याची ही रीत आली कुठून, आणि तिच्यात खेळाडूच्या हाती काय उरलं?

आधी थोडं मागे जाऊ. पूर्वी मुंबईच्या परिसरातल्या खेळाडूला 'बोली' ठाऊक नव्हती, ठाऊक होती ती नोकरी. बँका, रेल्वे, कापड गिरण्या, टाटांसारखे उद्योगसमूह यांचे स्वतःचे संघ असत. क्रिकेटमध्ये 'टाइम्स शिल्ड' ही कार्यालयांची स्पर्धा मोठ्या मानाची होती. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. कबड्डीपटूंना रेल्वे, पोलीस आणि तेल कंपन्यांची दारं उघडी असत. मुलगा चांगला खेळतो हे दिसलं की दोन-चार कार्यालयांतून विचारणा होई. घरात वडीलधाऱ्यांची बैठक बसे. पगार किती, सरावाला सवलत किती, कायम कधी करणार, हे सारं पाहून होकार दिला जाई. पैसा बेताचाच होता. पण खेळ थांबल्यावरही टेबल-खुर्ची राहत होती, आणि मुख्य म्हणजे कुठे जायचं हे खेळाडू ठरवत होता.

याच काळात सातासमुद्रापार, अमेरिकेत, वेगळीच पद्धत रुजली होती. तिथला 'फुटबॉल' म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राणं घालून, अंगावर धावून जात खेळायचा तो दांडगा खेळ. श्रीमंत संघच सगळे चांगले खेळाडू पळवतात, अशी तक्रार फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी मांडली. त्यावर तोडगा निघाला तो असा, की सर्वांत दुबळ्या संघाने महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंतून पहिली निवड करायची, मग त्याच्या वरच्याने, मग त्याच्याही वरच्याने. ही पहिली निवड फेब्रुवारी १९३६ मध्ये झाली. गंमत पाहा, त्या दिवशी सर्वांत आधी ज्याचं नाव पुकारलं गेलं तो जे बरवॅंगर त्या व्यावसायिक स्पर्धेत कधी खेळलाच नाही! व्यवस्थेने त्याला निवडलं, त्याने व्यवस्थेला निवडलं नाही.

आपल्याकडे हे वारं आलं २००८ साली. २० फेब्रुवारीला मुंबईतल्या एका हॉटेलात आयपीएलचा पहिला लिलाव झाला. महेंद्रसिंग धोनीसाठी चेन्नईने पंधरा लाख डॉलर मोजले. माणसांचा लिलाव कसा काय करतात, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. आज तो कुणी विचारतही नाही. त्यानंतर मार्चमध्ये एकोणीस वर्षांखालच्या विश्वविजेत्या मुलांसाठी अमेरिकेच्या धर्तीवर पाळीपाळीने निवड झाली. दिल्लीची पाळी आली तेव्हा त्यांनी डावखुरा गोलंदाज प्रदीप सांगवानला घेतलं, आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरुकडे गेला. पुढचं सांगायला नको.

डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे त्याच वर्षी मुंबई इंडियन्समध्ये आला. लहानपणी आई एका हाताने धाकट्या भावाला सांभाळत आणि दुसऱ्या हातात आपली किट बॅग घेऊन आपल्याला सरावाला चालत न्यायची, असं त्याने मुलाखतीत सांगितलं आहे. मुंबईच्या संघात त्याला फारशी संधी मिळाली नाही. २०११ साली तो राजस्थानकडे गेला आणि २०१२ च्या हंगामात त्याने ५६० धावा काढल्या.

इथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. भारतीय संघाकडून न खेळलेले देशी खेळाडू तेव्हा लिलावात नसत. त्यांच्या मानधनाच्या १०, २० आणि ३० लाख अशा पायऱ्या ठरलेल्या होत्या आणि करार संघाशी थेट होत असे. पैसा बांधलेला होता, पण कुणाशी सही करायची हे खेळाडूच्या हाती होतं. २०१४ पासून हे खेळाडूही लिलावात आले. पैशाची वेस मोकळी झाली आणि निवडीची बंद झाली.

आपली निवड आपण करू पाहणाऱ्याचं काय होतं, हे २०१० मध्येच दिसलं होतं. राजस्थानचा रवींद्र जडेजा नव्या करारावर सही न करता दुसऱ्या संघाशी बोलणी करू पाहत होता, असा ठपका ठेवून त्याला त्या वर्षीच्या पूर्ण स्पर्धेतून बाहेर ठेवलं गेलं. एखाद्या कारकुनाने दुसऱ्या बँकेत अर्ज केला म्हणून त्याला वर्षभर घरी बसवावं, तशातलाच हा प्रकार. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान यांच्यात अदलाबदल ठरली. संजू सॅमसन चेन्नईला गेला आणि जडेजा पुन्हा राजस्थानला. त्याचं मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आलं. एकट्या खेळाडूने बोलणी केली तेव्हा तो गुन्हा ठरला होता. संघांनी केली तेव्हा तो व्यवहार झाला.

आता आपल्या घरच्या हिशेबाकडे येऊ. डोंबिवलीचा रहाणे, कल्याणचा तुषार देशपांडे आणि पालघरचा शार्दूल ठाकूर. पालघर वेगळा जिल्हा झाला तो २०१४ मध्ये, त्याआधी तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. म्हणजे तिघेही जुन्या ठाणे जिल्ह्याचे, आणि तिघेही खेळासाठी लोकलने मुंबई गाठत मोठे झालेले.

जानेवारी २०२१ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियात मालिका २-१ अशी जिंकली. ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या संघाची धुरा रहाणेने उचलली आणि मेलबर्नला ११२ धावा काढल्या. ब्रिस्बेनच्या शेवटच्या कसोटीत शार्दूलने ६७ धावा आणि सात बळी मिळवले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात, शार्दूलला दिल्लीने १० कोटी ७५ लाखांना घेतलं, तर मालिका जिंकून देणाऱ्या कर्णधाराला कोलकात्याने १ कोटीला. डिसेंबर २०२२ मध्ये रहाणे ५० लाखांवर आला. चेन्नईने घेतलं, आणि त्या हंगामात त्याची बॅट अशी तळपली की तो पुन्हा भारताच्या कसोटी संघात परतला.

शार्दूलचं चक्र उलटं फिरलं. दिल्लीने त्याला कोलकात्याला दिलं, मग तो ४ कोटींना चेन्नईत आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात त्याच्यावर कुणीच बोली लावली नाही. एक गोलंदाज जखमी झाला म्हणून मार्च २०२५ मध्ये लखनौने त्याला २ कोटींना बोलावून घेतलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो अदलाबदलीतून मुंबई इंडियन्सकडे आला. अशी अदलाबदल त्याच्या वाट्याला तिसऱ्यांदा आली होती.

आणि तुषार? शिवाजी पार्कला निवड चाचणीसाठी गेला तेव्हा फलंदाजांची रांग लांब होती म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला, असं तो सांगतो. आधी दिल्ली, मग चेन्नई, दोन्हीकडे त्याची किंमत २० लाख. त्या वीस लाखांत त्याने २०२३ साली २१ बळी घेतले आणि चेन्नई विजेती ठरली. जेद्दाहला शार्दूलसाठी कुणी हात वर केला नाही, त्याच लिलावात राजस्थानने तुषारला साडेसहा कोटींना घेतलं.

हे आकडे ऐकून एखाद्याला वाटेल, की किंमत म्हणजे गुणवत्ता. म्हणून २०२४ च्या रणजी हंगामाची आठवण करून देतो. उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या जोडीने शतकं ठोकली. एकाच डावात असं याआधी एकदाच घडलं होतं, १९४६ साली इंग्लंडमध्ये, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्याकडून. उपांत्य फेरीत तमिळनाडूविरुद्ध शार्दूलने शतक काढलं. अंतिम सामन्यात रहाणेच्या नेतृत्वाखाली मुंबईने विदर्भाला हरवून बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक उचलला. आपले तिघेही त्या संघात होते. रणजीत मानधन ठरतं ते किती सामने खेळलात त्यावर. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला २०२१ मध्ये ठरलेल्या दराने दिवसाला ६० हजार. तिथे बोली नाही आणि हातोडाही नाही. लिलावाने ज्यांच्यात कोट्यवधींचं अंतर पाडलं, ती माणसं एकाच ड्रेसिंग रूममध्ये खांद्याला खांदा लावून बसली होती.

कबड्डीतही हेच घडलं. २०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारची किंमत होती १२ लाख ८० हजार. चारच वर्षांनी मुंबईच्या रिशांक देवाडिगासाठी १ कोटी ११ लाखांची बोली लागली. मातीतल्या खेळाला हे दिवस आले याचा आनंद कुणाला होणार नाही? लिलाव वाईट, नोकरी चांगली, असं सरधोपट मला म्हणायचंच नाही. त्या नोकऱ्या मूठभरांनाच मिळत आणि जुन्या काळात कितीतरी गुणी खेळाडू कफल्लक राहिले. वीस लाखांवरून साडेसहा कोटींवर जाण्याची शिडी कुठल्याच कार्यालयाकडे नव्हती.

प्रश्न आहे तो खेळाडूच्या शब्दाला किती वजन, हा. अमेरिकेतही सुरुवातीला खेळाडूला मत नव्हतं. पण तिथल्या फुटबॉलपटूंनी १९५६ मध्ये आपली संघटना उभी केली. संप केले, न्यायालयात गेले, आणि १९९३ च्या करारात ठराविक वर्षं खेळल्यावर हव्या त्या संघाशी बोलणी करण्याचा हक्क मिळवला. मालकांनीही त्या बदल्यात संघाच्या एकूण खर्चाला मर्यादा घालून घेतली. दोन्ही बाजू टेबलाशी बसल्या, तेव्हा हे जमलं. आपल्याकडे खर्चाची मर्यादा आली, पाळीपाळीची निवड करून पाहिली, लिलाव तर आलाच. फक्त ते टेबल आलं नाही. २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची जी संघटना मान्यता पावली, ती निवृत्त खेळाडूंची आहे. जो आज खेळतो, ज्याची आज बोली लागते, त्याच्यासाठी बोलणारं कुणी नाही.

डोंबिवलीतून, कल्याणमधून आजही पहाटेच्या गाडीत पाठीवर किट बॅग घेतलेली मुलं चढतात. त्यांच्याबरोबर कुणाची आई असते, कुणाचे बाबा. या मुलांतल्या एखाद्यावर उद्या कोटींची बोली लागावी, असं आपल्या सर्वांनाच वाटतं. तेवढ्यावर न थांबता, कुठे खेळायचं हे विचारताना कुणीतरी त्या मुलाकडेही वळून पाहावं, एवढं वाटून घ्यायला काय हरकत आहे? कार्यालयांच्या जमान्यात पगार तुटपुंजा होता खरा, पण तो प्रश्न खेळाडूला आणि त्याच्या घरच्यांना विचारला जात होता.