कुंपणातली सिंहाची शिकार

कुंपणात सिंहांची शिकार करण्याचा हा धंदा दक्षिण आफ्रिकेतला. तिथे बछडे जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून तोडतात. पर्यटक पैसे मोजून त्यांना बाटलीने दूध पाजतात, मांडीवर घेऊन फोटो काढतात. तेच सिंह मोठे झाले की कुंपणाच्या आवारात सोडले जातात आणि परदेशी शिकारी भिंतीवर मुंडके मिरवण्यासाठी त्यांना गोळी घालतो. माणसाच्या हातचे खाऊन वाढलेला हा प्राणी गाडीचा आवाज ऐकून पळत नाही. खाणे आले समजून जवळही येतो. १९९७ साली ‘द कुक रिपोर्ट’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हे प्रकरण उजेडात आणले. मारण्यापूर्वी सिंह २४ महिने मोकळ्या रानात स्वबळावर जगलेला असावा, अशी अट सरकारने २००७च्या नियमांत घातली. पैदासकार कोर्टात गेले आणि २०१० साली सर्वोच्च अपील न्यायालयाने ती अट रद्दबातल ठरवली. पुढे मे २०२१मध्ये पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी बंदिस्त सिंहांची पैदास आणि शिकार थांबवण्याचे धोरण जाहीर केले. यात पैदासीचा मुद्दा कळीचा आहे. सिंहांच्या हाडांनाही आशियात गिऱ्हाईक आहे. २०१७ साली सरकारनेच ८०० सांगाड्यांच्या निर्यातीला मुभा दिली होती. म्हणून केवळ बंदूक रोखून भागणार नाही, मारण्यासाठीच जन्माला घालणे थांबले पाहिजे. त्याला वन्यजीव-संवर्धन म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.