वेलीसारखे चढणारे वेळू

वेळू म्हटला म्हणजे सरळ उभा सोट डोळ्यांपुढें येतो. परंतु जावा, बोर्निओ आणि आपलीं अंदमान बेटें येथील अरण्यांत असेही वेळू आहेत कीं, ज्यांना स्वतःच्या बळावर उभें राहतां येत नाहीं. पेरापेराला नागमोडी वळण घेत ते शेजारच्या वृक्षावर चढतात. त्यांना तणावे नाहींत, कांटेही नाहींत. कोंबाभोवतीचें आवरण गळालें तरी त्याचा जाड, खरखरीत तळ पेरावर कड्यासारखा राहतो. चढतांना आधार होतो तो त्याचाच. 1854 सालीं ब्यूसे ह्या डच वनस्पतिज्ञानें ह्यांची डायनोक्लोआ ही स्वतंत्र प्रजाति स्थापिली आणि जाव्यांतील वेळूस 'चांकोरे' हें तेथील सुंदा लोकांचेंच नांव दिलें.

पुढें मात्र पंचाईत झाली. लिनीअसपासून वनस्पतींचें वर्गीकरण फुलाफळांवरून करण्याचा प्रघात. आणि कित्येक वेळू तर माणसाच्या आयुष्यांत एकदांच फुलणारे! ब्रिटिश सेनाधिकारी विल्यम मन्रो ह्यानें 1868 सालीं साऱ्या वेळूंचा मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांत मांसल फळांच्या वेळूंचा एक गट आहे. त्यामुळें चढता डायनोक्लोआ आणि चितगांवकडील ताठ उभा मूली वेळू एकाच घरांत नांदूं लागले. मन्रोला दोष देणें अन्यायाचें होईल. वाळवून आलेल्या डहाळ्यांवरूनच त्याला निर्णय करावयाचा होता, आणि कोंबाचें आडदांड आवरण कागदांत दाबून पाठविण्याची तसदी फार थोडे घेत.

अरण्यांत फिरून वेळू पाहिला तो सुल्पिझ कुर्झ ह्यानें. हा बव्हेरियाचा जर्मन. खोट्या नांवानें डच सैन्यांत शिरून तो जाव्यास राहिला. मग कलकत्त्याच्या सरकारी उद्यानांतील वनस्पतिसंग्रहाचा रक्षक झाला. 1866 सालीं त्यानें अंदमानची पाहणी केली. फुलाची वाट पाहत न बसतां कोंबाचें आवरण पाहावें, त्यावरून वेळू ओळखतां येतो, असें त्याचें मत होतें. 1878 सालीं पेनांग येथें तो वारला. गॅम्बल ह्या वनाधिकाऱ्यानें 1896 च्या आपल्या ग्रंथांत आवरणांचीं चित्रें आवर्जून दिलीं.

1981 सालीं सुयात्मी ड्रान्सफील्ड ह्या इंडोनेशियन विदुषीनें उत्तर बोर्निओंतील साबा प्रांतांतले डायनोक्लोआ तपासले. आवरणाचा तळ, त्याच्या सुरकुत्या, पानांची ठेवण ह्यांवरून तिनें कित्येक नव्या जाति वेगळ्या काढल्या. अलीकडील आनुवंशिक तपासणींत मूली आणि डायनोक्लोआ निरनिराळ्या शाखांचे ठरले आहेत. मांसल फळ दोघांकडे स्वतंत्रपणें आलें. कुर्झनें वेगळी म्हणून नोंदलेली अंदमानची जात आजही त्यानेंच दिलेल्या नांवानें ओळखली जाते.