भिंतीवरचा इतिहास कोणाचा? पोर्तुगालची फरशीचित्रे आणि पणजीतली एक भिंत

'कला आणि सार्वजनिक जीवन' हा आपला विषय. आज मी तुमच्यापुढे एका साध्या वस्तूबद्दल बोलणार आहे. वस्तू म्हणजे फरशी. भाजलेल्या मातीची, झिलई दिलेली, हाताने रंगवलेली, साधारण वीतभरापेक्षा लहान चौकोनी फरशी. अशा शेकडो, हजारो फरशा जोडून भिंतभर चित्र उभं करायचं, आणि ते राजवाड्यात नव्हे तर रेल्वे स्थानकावर, बाजारात, रस्त्याच्या कडेला लावायचं, ही परंपरा जगात सर्वांत जोमाने वाढली ती पोर्तुगालमध्ये. आणि तिचा एक धागा थेट आपल्या पणजीपर्यंत येतो. त्या धाग्याला एक गाठ आहे. ती गाठ शेवटी आपल्याला बघायची आहे.

पोर्तुगीज भाषेत या फरशीला 'अझुलेजो' म्हणतात. पुष्कळांना वाटतं की हा शब्द निळ्या रंगावरून आला, कारण पोर्तुगीजमध्ये निळ्याला 'अझुल' म्हणतात. तसं नाही. शब्द अरबी आहे, आणि त्याचा अर्थ घोटलेला, गुळगुळीत लहान दगड. इबेरियाच्या द्वीपकल्पात मुस्लिम राजवटी होत्या, त्यांच्या कारागिरांकडून ही विद्या ख्रिस्ती राज्यांत उतरली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सेव्हिलहून आणलेल्या फरशा सिंट्राच्या राजवाड्यात बसवल्या गेल्या, त्या आजही तिथे आहेत. म्हणजे पोर्तुगाल आज जिला आपली सर्वांत 'राष्ट्रीय' कला म्हणून मिरवतो, तिचं नाव अरबी आणि तिचा पहिला माल शेजारच्या देशातला. 'अस्सल आपलं' असं आपण ज्याला म्हणतो त्याची मुळं बहुधा अशीच दुसऱ्याच्या अंगणात सापडतात.

आता ही फरशी रंगवतात कशी, ते थोडं सावकाश पाहू, कारण पुढचा विचार त्यावर उभा आहे.

प्रथम चिकणमातीची चौकोनी वडी पाडून वाळवतात आणि एकदा भाजतात. मग ती पांढऱ्या झिलईच्या पातळ लगद्यात बुडवतात. या झिलईत कथिल असतं, त्याने खालच्या मातीचा रंग पूर्ण झाकला जातो. झिलई सुकली की पृष्ठभाग खडूसारखा होतो, बोट लावलं तर भुकटी निघते. या भुकटीवर चित्र काढायचं. सर्व फरशा ओळीने मांडतात, कागदावर काढलेल्या चित्राच्या रेघांवर सुईने भोकं पाडतात आणि वरून कोळशाची पूड थोपटतात. रांगोळीच्या छाप्यातून रंग झिरपावा तशी ती पूड खाली उतरते आणि ठिपक्यांची रेघ मिळते. त्यावरून कुंचला चालवायचा. रंग म्हणजे धातूंची भस्मं: निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं, जांभळ्यासाठी मँगनीज. कोरडी झिलई पाणी क्षणात पिऊन टाकते. त्यामुळे कुंचला टेकला की टेकला. खोडता येत नाही. शिवाय कोबाल्टचा रंग भाजण्यापूर्वी मळकट दिसतो, निळा होतो तो भट्टीत. म्हणजे चित्रकार जे रंगवतो ते त्याला दिसतच नसतं! शेवटी प्रत्येक फरशीच्या पाठीवर खूण घालून दुसऱ्यांदा भट्टी लावतात आणि त्या खुणांवरून भिंतीवर क्रम जुळवतात.

याचा परिणाम काय होतो बघा. रंग झिलईतच वितळलेला असल्यामुळे ऊन, पाऊस, खारा वारा यांनी तो उडत नाही. तैलचित्राला छप्पर लागतं, राखणदार लागतो. फरशीचित्राला यातलं काही लागत नाही. मळलं तर ओल्या फडक्याने पुसावं. जी कला पुसता येते, तिला रस्त्यावर राहता येतं. ही कला 'सार्वजनिक' झाली ती कोणा राजाच्या औदार्यामुळे नव्हे, तिच्या अंगच्या गुणामुळे झाली, असं माझं म्हणणं आहे.

तरी हे व्हायला वेळ लागला. सतराव्या शतकाच्या अखेरीस चिनी निळ्यापांढऱ्या भांड्यांची आणि डच फरशांची मोहिनी पडली आणि पोर्तुगीज भिंती निळ्यापांढऱ्या झाल्या. पण त्या होत्या चर्चच्या, मठांच्या, सरदारांच्या वाड्यांच्या. लिस्बनमध्ये फरशांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, १५०९ साली स्थापन झालेल्या एका मठाच्या वास्तूत. तिथे सन १७०० च्या सुमाराचं लिस्बन शहराचं एक चित्र आहे, सुमारे २३ मीटर लांब. नदीकाठचं सगळं शहर त्यात आहे: राजवाडा, चर्चं, धक्के, घरं. १ नोव्हेंबर १७५५ रोजी मोठा भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र आत आला, आगी लागल्या, आणि त्यातलं बरंचसं शहर नाहीसं झालं. आज जुनं लिस्बन पाहायचं तर ते या फरशांवर पाहावं लागतं. एका सरदाराच्या वाड्यासाठी केलेली शोभेची वस्तू काळाच्या ओघात संपूर्ण शहराची स्मृती झाली.

भूकंपानंतर शहर भराभर बांधायचं होतं, म्हणून साध्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या स्वस्त फरशा निघाल्या. एकोणिसाव्या शतकात तर फरशी घराबाहेर पडली. लिस्बन आणि पोर्तूच्या व्यापाऱ्यांनी, ब्राझीलमध्ये पैसा करून परतलेल्यांनी घरांचे दर्शनी भाग फरशांनी मढवले. मालक आत राहतो, पण नक्षी बघतो तो रस्त्यावरचा माणूस. खासगी भिंतीची एक बाजू सार्वजनिक झाली.

आणि मग येतं पोर्तूचं साँव बेन्तू रेल्वे स्थानक. एका जुन्या मठाच्या जागेवर ते उभं राहिलं. त्याच्या मोठ्या दालनात सुमारे २०,००० फरशा आहेत आणि त्या रंगवल्या झोर्झ कोलासो या चित्रकाराने. (हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.) काम १९०५ ते १९१६ चाललं. विषय पोर्तुगालचा इतिहास. एका चित्रात एगास मोनीझ गळ्यात दोर अडकवून, बायकामुलांसह, लेऑनच्या राजापुढे उभा आहे. आपल्या राजपुत्राच्या वतीने दिलेला शब्द पाळला गेला नाही, म्हणून आपला जीव द्यायला आला आहे. दंतकथेच्या अंगाने जाणारी ही गोष्ट तिथे प्रत्येक मुलाला माहीत असते. दुसऱ्या एका चित्रात १४१५ साली जिंकलेलं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं सेउता आहे, म्हणजे साम्राज्याचं पहिलं पाऊल.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, त्या काळी पोर्तुगालमधले बहुसंख्य लोक निरक्षर होते. गाडीची वाट बघत बसलेल्या शेतकऱ्याला इतिहासाचं पुस्तक वाचता येत नव्हतं. भिंत वाचता येत होती. दोन, काम सुरू झालं तेव्हा देशात राजा होता. १९१० साली राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, आणि स्थानकाचं उद्घाटन झालं १९१६ साली. राजा गेला तरी भिंतीवरचे राजे राहिले. नव्या प्रजासत्ताकाने त्यांना उतरवलं नाही. आपल्या इतिहासात सामावून घेतलं.

या मोठ्या वीरकथांच्या उलट टोकाला आहे मारिया कैल. १९५९ च्या डिसेंबरात लिस्बनची भुयारी रेल्वे सुरू झाली, तिच्या पहिल्या अकरा स्थानकांपैकी बहुतेक सर्व स्थानकांच्या फरशा तिने योजल्या. राजा नाही, लढाई नाही. नुसती रेषा, चौकोन, रंगांची लय. सालाझारची हुकूमशाही चालू होती, देशभर गतवैभवाचे नगारे वाजत होते आणि जमिनीखाली रोज कामाला जाणाऱ्या माणसासाठी ही बाई काहीही न शिकवणारी भिंत करत होती. पुढे स्थानकं वाढवताना त्यातलं काही काम नष्ट झालं. फरशीला पावसाची भीती नाही. भीती आहे ती पहारीची आणि चोराची. जुन्या घरांवरच्या फरशा उचकटून विकण्याचा धंदा इतका वाढला की २००७ साली पोलिसांच्याच संग्रहालयाने बचावाची मोहीम सुरू केली आणि २०१७ साली फरशांचे दर्शनी भाग पाडण्याविरुद्ध देशभर लागू होणारा कायदा झाला.

आता पणजी. आझाद मैदानाजवळ 'इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा' ही संस्था आहे. १८७१ साली ती स्थापन झाली तेव्हा तिचं नाव होतं 'इन्स्तितुतो व्हास्को द गामा'. तिच्या प्रवेशदालनात निळ्या फरशांची मोठी चित्रभिंत आहे, १९३५ सालची. चित्रकार तोच, झोर्झ कोलासो. विषय कामोंइशचं महाकाव्य 'उश लुझियादश', १५७२ साली छापलेलं, व्हास्को द गामाच्या भारतयात्रेचं गौरवगान.

आता सनावळी लावून बघा. १९३० साली सालाझारने वसाहत कायदा आणला, वसाहतींवर राज्य करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं कार्यच आहे असं त्यात म्हटलं. त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी, उत्तम पोर्तुगीजमध्ये लिहिणाऱ्या या गोमंतकीय पत्रकाराने, आमच्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क आम्ही सोडलेला नाही अशा आशयाचा ठराव मांडला. पाच वर्षांनी ही चित्रभिंत लागली. १९३८ साली मिनेझिस ब्रागांझा गेले. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६३ साली संस्थेवरचं गामाचं नाव जाऊन त्यांचं नाव आलं. पण भिंत तिथेच राहिली. आज आपण त्यांच्या नावाच्या दारातून आत शिरतो आणि समोर उभा असतो गामा!

हीच ती गाठ. सुरुवातीला म्हटलं होतं ती.

कोणी म्हणेल, काढून टाका. जुन्या गोव्यात १९६० साली उभारलेला कामोंइशचा पुतळा पुढे उचलून वस्तुसंग्रहालयात नेला, तसं करा. पण पुतळा आणि चित्रभिंत यांत फरक आहे. पुतळा चौकात उंचावर उभा असतो, मान वर करायला लावतो, वंदन मागतो. भिंतीवरची गोष्ट डोळ्यांच्या पातळीवर येते, ती वाचावी लागते. आणि जे वाचता येतं त्याच्याशी वाद घालता येतो. वंदनाशी वाद घालता येत नाही.

कोणी म्हणेल, असू द्या, सुंदर आहे की! हेही मला पुरेसं वाटत नाही. नुसतं 'सुंदर आहे' म्हणणं म्हणजे चित्राला मुकं करणं. ते चित्र काहीतरी बोलतं आहे: समुद्र आमचा, पराक्रम आमचा, तुम्ही फक्त किनारा. ते ऐकू आलं पाहिजे, आणि त्याला उत्तरही दिलं पाहिजे.

आपल्याकडे 'सार्वजनिक' या शब्दाला इतिहास आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, ती लोकांचं म्हणणं सरकारदरबारी मांडण्यासाठी. म्हणजे आपल्या परंपरेत सार्वजनिक याचा अर्थ 'सर्वांना दिसणारं' एवढाच नाही. 'ज्याविषयी सर्वांना बोलण्याचा अधिकार आहे' असा आहे. म्हणून माझी सूचना साधी आहे. पणजीची ती भिंत जपा, एकही फरशी निखळू देऊ नका. आणि तिच्या समोरच्या भिंतीवर, त्याच माध्यमात, गोव्यातल्याच कारागिरांच्या हातून, १९३० चा तो ठराव उमटवा. पोर्तुगीजमध्ये, कोंकणीत आणि मराठीत. एका भिंतीने दावा करावा, दुसरीने उत्तर द्यावं, आणि मधून जाणाऱ्या शाळकरी मुलाने दोन्ही वाचून आपलं मत बनवावं. एकदा टेकलेला कुंचला खोडता येत नाही, हे फरशीबद्दल खरं आहे तितकंच इतिहासाबद्दलही. खोडता येत नाही. पण शेजारी लिहिता येतं.

इथे थांबतो. आता प्रश्न असतील तर घेऊ.