खेळाडू कोणाचा?

बास्केटबॉलचा खेळ आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं शाळेच्या पटांगणांत केव्हां तरी पाहिला असेल. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें, हिवाळ्यांत विद्यार्थ्यांस छपराखालीं खेळतां येईल असें कांहीं तरी हवें म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, आणि त्यांतून हा खेळ निघाला. पुढें त्याचा धंदा झाला. १९४६ सालीं धंदेवाईक संघांच्या मालकांनीं जें मंडळ काढलें, तेंच कांहीं वर्षांनीं नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एन. बी. ए., या नांवानें प्रसिद्धीस आलें.

दर वर्षीं जूनमध्यें या मंडळाचे अंतिम सामने आटोपले कीं अमेरिकेंत दोन वादांस ऊत येतो. सर्वांत श्रेष्ठ खेळाडू कोण, हा पहिला. आणि करार संपून मोकळा झालेला अमुक खेळाडू कोणत्या संघांत शोभेल, हा दुसरा. आपल्याकडे लग्नसराईच्या आधीं स्थळांची चर्चा जितक्या चवीनें चालते, तितक्याच चवीनें ही चर्चा तेथें घरोघर चालते. मुलगा हुशार आहे, पण त्या घरांत त्याचें जमेल काय? देणेंघेणें किती? पत्रिका जुळते काय? गंभीर प्रकृतीच्या माणसांस हा सारा रिकामपणाचा उद्योग वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ‘हा खेळाडू कोठें जाईल?’ हा प्रश्न नुसता विचारतां यावा, एवढ्यासाठीं कांहीं माणसांस सहा वर्षें न्यायालयांत झगडावें लागलें, आणि ज्याच्या नांवानें तो झगडा झाला त्यास त्याचें फळ मिळालें नाहीं. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

ती १९६१-६२ च्या हंगामापासून सुरू करणें सोयीचें, कारण श्रेष्ठत्वाचा वाद त्या एका हंगामांत जितका उघडा पडला तितका पुढें क्वचितच पडला. त्या वर्षीं फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेननें दर सामन्यास सरासरी ५०.४ गुण केले. २ मार्च १९६२ रोजीं हर्शी गांवीं न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध त्यानें एकट्यानें १०० गुण केले. हा विक्रम अद्यापि मोडलेला नाहीं. सामना ४८ मिनिटांचा असतो, आणि त्या हंगामांत त्याची मैदानावरील सरासरी ४८.५ मिनिटें भरली. हें गणित चुकलेलें नाहीं. बरोबरी झालेल्या सामन्यांस मिळणारा जादा वेळ धरला, तर मनुष्य जवळजवळ बाहेर बसलाच नाहीं, असा त्याचा अर्थ. त्याच हंगामांत सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसननें दर सामन्यास सरासरी ३०.८ गुण केले, टोपलीवरून परतलेला चेंडू १२.५ वेळां पकडला, आणि ११.४ वेळां सहकार्‍यास गुण करून दिला. तिन्ही बाबतींत सरासरीनें दोन आंकडी संख्या त्याच्यापूर्वीं कोणीं गांठली नव्हती.

तरीही त्या वर्षाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला बॉस्टनचा बिल रसेल, ज्याची गुणांची सरासरी अवघी १८.९ होती! चेंबरलेन दुसरा आला, रॉबर्टसन तिसरा. गंमत ही कीं, हें पारितोषिक त्या काळीं खेळाडूंच्याच मतांनीं ठरत असे. आणि वृत्तपत्रकारांनीं त्याच वर्षीं जो आदर्श संघ निवडला त्याच्या पहिल्या पंचकांत मध्यवर्ती जागेवर चेंबरलेन होता, रसेल दुसर्‍या पंचकांत. ज्यांनीं बाहेर बसून पाहिलें त्यांनीं एकास निवडलें. ज्यांस समोर उभें राहून खेळावें लागलें त्यांनीं दुसर्‍यास.

आमचें मत खेळाडूंच्या बाजूचें आहे. रसेलचें खरें काम प्रतिपक्षाचा नेम हवेंतच अडविण्याचें, आणि अशा अडवणुकीची नोंद ठेवण्याची पद्धत मंडळानें १९७३-७४ च्या हंगामांत सुरू केली. तोंवर रसेल निवृत्त होऊन चार वर्षें झालीं होतीं. वहींत ज्याचा रकानाच नाहीं, तें काम हिशेबांत येणार कसें? तें ज्याच्या हातून चेंडू हिसकला जाई त्यासच कळत असे. शिवाय बॉस्टननें त्या हंगामांत ८० पैकीं ६० सामने जिंकले, आणि फिलाडेल्फियास उपांत्य मालिकेंतील सातव्या सामन्यांत दोन गुणांनीं हरवून विजेतेपदही मिळविलें.

परंतु चेंबरलेनच्या पक्षाचा एक युक्तिवाद दुर्लक्षून चालणार नाहीं. रसेल बॉस्टनांत नसता तर? आणि चेंबरलेन तेथें असता तर? रसेलनें तेरा हंगामांत अकरा विजेतेपदें मिळविलीं हें खरें. पण तीं सारीं एकाच संघांत, बहुतेक एकाच गुरूच्या योजनेखालीं, उत्तम जोडीदारांसह मिळविलेलीं. चेंबरलेन १९६५ सालीं फिलाडेल्फियाच्या दुसर्‍या एका संघाकडे बदलून गेला. तेथें १९६६-६७ मध्यें तो पूर्वीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे सरासरी २४.१ गुण करूं लागला, सहकार्‍यांस चेंडू देऊं लागला, आणि त्या संघानें ८१ पैकीं ६८ सामने जिंकून बॉस्टनची सलग आठ विजेतेपदांची मालिका तोडली. मनुष्य तोच. म्हणजे आंकड्यांत उतरलेलें त्याचें श्रेष्ठत्व आणि संघास उपयोगी पडलेलें श्रेष्ठत्व या दोन वस्तू वेगळ्या होत्या. ‘श्रेष्ठ कोण’ या प्रश्नाच्या पोटांत ‘कोणत्या संघांत’ हा प्रश्न आधींपासूनच दडलेला होता.

आणि कोणता खेळाडू कोणत्या संघांत, हें तेव्हां ठरवीत कोण असे? खेळाडू नव्हे. रसेलवरचा पहिला हक्क १९५६ सालीं सेंट लुईस संघाकडे आला होता. बॉस्टननें दोन खेळाडू देऊन तो बदलून घेतला. चेंबरलेन कॅन्सस विद्यापीठांत शिकला, तरी त्याची शाळा फिलाडेल्फियाची म्हणून त्या शहराच्या संघानें त्याच्यावर प्रादेशिक हक्क सांगितला. रॉबर्टसन सिनसिनाटी विद्यापीठाचा, म्हणून सिनसिनाटीच्या वांट्यास आला. यांत एक वेळ कोणी फारसें वावगें मानणार नाहीं. खरी मेख पुढें होती. करारपत्रांत एक कलम असे: मुदत संपली तरी संघानें मनांत आणल्यास तोच करार आपल्या अटींवर पुढें चालवावा. एकदां सही केली कीं मालक विकील तेथें जाणें, देईल तें घेणें, नाहीं तर खेळ सोडणें. आपल्याकडील वतनी कुळासारखीच ही गत म्हणावयाची, फरक इतकाच कीं हें कूळ सहा फूट पांच इंच उंच असून वृत्तपत्रांत त्याचें छायाचित्र येत असे.

पहिली ठिणगी १४ जानेवारी १९६४ रोजीं बॉस्टनांत पडली. निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना त्या रात्रीं प्रथमच देशभर दूरचित्रवाणीवर दाखविला जाणार होता. निवृत्तिवेतनाचें आश्वासन मिळेपर्यंत आपण मैदानावर येत नाहीं, असें सांगून दोन्ही बाजूंचे खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलींत दार लावून बसले. रसेल, चेंबरलेन आणि रॉबर्टसन हे तिघेही त्या खोलींत होते. मालक संतापले, कांहींनीं धमक्या दिल्या. शेवटीं मंडळाच्या अध्यक्षानें शब्द दिला तेव्हां सामना झाला. त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू रॉबर्टसन ठरला. पुढील वर्षीं तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९७४ पर्यंत राहिला. अमेरिकेंतील खेळाडूंच्या कोणत्याही राष्ट्रीय कामगार-संघटनेचें अध्यक्षपद तोंवर कृष्णवर्णीयास मिळालें नव्हतें.

या मनुष्याचें बालपण इंडियानापोलिसच्या गरीब वस्तींत गेलें. तेथील क्रिस्पस अॅटक्स ही कृष्णवर्णीयांसाठीं वेगळी काढलेली शाळा त्याच्या खेळावर १९५५ व १९५६ अशीं दोन वर्षें राज्याची विजेती झाली. त्यास वेगळें ठेवलें जाणें म्हणजे काय, हें कायद्याच्या पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

१९६७ सालीं अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन हें दुसरें मंडळ निघालें आणि खेळाडूंचे भाव वाढले. मालकांस हें सोसेना. दोन्ही मंडळें एक करण्याच्या खटपटी सुरू झाल्या. दोन खरेदीदार एक झाले कीं भाव पडतो, हें कापसाच्या बाजारांत गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या वर्‍हाडच्या शेतकर्‍यास कोणी शिकवावें लागत नाहीं. एप्रिल १९७० मध्यें रॉबर्टसन व निरनिराळ्या संघांतील त्याचे सहकारी यांनीं न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयांत मक्तेदारीविरोधी कायद्याखालीं दावा लावला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: विलीनीकरण थांबवा, आणि माणसास जन्मभर बांधणारें हें कलम काढा. बेसबॉलचा कर्ट फ्लड हा याच प्रश्नावर लढत होता. तो १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत हरला, कारण बेसबॉलला त्या कायद्यांतून १९२२ पासून सूट होती. बास्केटबॉलला ती नव्हती, आणि हाच रॉबर्टसनचा आधार. १९७५ सालीं मालकांनीं दावा काढून टाकण्याची विनंती केली, ती न्यायाधीश रॉबर्ट कार्टर यांनीं फेटाळली. हे कार्टर म्हणजे, शाळांतील वर्णभेद ज्या खटल्यानें १९५४ सालीं अवैध ठरला त्यांतील एक वकील. योगायोग खरा, पण बोलका.

इकडे मैदानावर काय चाललें होतें? १९७० सालींच सिनसिनाटीनें रॉबर्टसनला बाल्टिमोरकडे देऊं केलें. बदलीस नकार देण्याचा हक्क त्यानें आपल्या करारांत मिळविला होता. तो वापरून त्यानें ती बदली मोडली, आणि मिलवॉकी पत्करलें. तेथें ल्यू अल्सिंडॉर, म्हणजे पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें प्रसिद्ध झालेला तरुण होता. रॉबर्टसन बत्तिशींतला, गुडघे थकलेले, दहा वर्षांत एकही विजेतेपद नाहीं. अल्सिंडॉर तेवीस वर्षांचा. वडीलधार्‍यानें चेंडू द्यावा आणि धाकट्यानें टोपलींत टाकावा, अशी ती जोडी जमली. १९७१ मध्यें मिलवॉकी विजेता झाला, आणि अंतिम मालिकेंत त्यानें ज्याला चार सामन्यांत चारी मुंड्या चीत केलें तो संघ होता बाल्टिमोर! खेळाडूस स्वतःस कळतें कीं आपण कोठें शोभूं, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणत्या न्यायालयास हवा होता?

१९७४ मध्यें रॉबर्टसन निवृत्त झाला. दाव्याची तडजोड १९७६ मध्यें झाली. जें कलम मोडण्यासाठीं तो झगडला, तें मोडल्यावर त्यास एकही दिवस खेळतां आलें नाहीं. तडजोडीनें दुसर्‍या मंडळाचे चार संघ, डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क आणि सॅन अँटोनियो, एन. बी. ए. मध्यें आले, आणि खेळाडूंस करार संपल्यावर जाण्याची वाट मिळाली. वाट मोकळी नव्हती. कांहीं वर्षें नव्या संघानें जुन्या संघास भरपाई द्यावी, त्यानंतर जुन्या संघानें तीच रक्कम देऊन खेळाडू राखावा, असे अडसर होतेच. भरपाईच्या नियमानें एक नमुनेदार फजिती झाली. १९७६ सालीं न्यू ऑर्लिन्सनें लॉस एंजेलिसच्या गेल गुडरिचला घेतलें, वय तेहतीस. मोबदल्यांत पुढील निवडींचे हक्क दिले. त्यांपैकीं १९७९ चा हक्क नाणेफेक जिंकून पहिल्या क्रमांकाचा ठरला, आणि त्यावर लॉस एंजेलिसनें निवडलेल्या मॅजिक जॉन्सननें त्यांस पांच विजेतेपदें मिळवून दिलीं. न्यू ऑर्लिन्सचा संघ तोंवर गांव सोडून यूटाला गेला होता. म्हातार्‍या बैलासाठीं खिल्लारी गोर्‍हा देऊन टाकावा, तसें झालें.

पूर्ण मोकळीक १९८८ मध्यें मिळाली. सिएटलचा टॉम चेंबर्स फिनिक्सला गेला, आणि जुन्या संघास ना भरपाई ना हरकत. चेंबर्सचें नांव श्रेष्ठांच्या याद्यांत सहसा दिसत नाहीं. इतिहासाचें दार उघडणारा मनुष्य पुष्कळदां असाच साधा असतो.

त्यापुढची कथा वाचकांस वृत्तपत्रांतून ठाऊक असेल. ८ जुलै २०१० रोजीं लेब्रॉन जेम्सनें क्लीव्हलंड सोडून मायामीस जात असल्याचें दूरचित्रवाणीवर सांगितलें, तेव्हां गांवांत त्याच्या नांवाचे सदरे जाळले गेले. २०१६ मध्यें केव्हिन ड्युरंटनें ओक्लाहोमा सोडून, ज्या गोल्डन स्टेटनें त्यास नुकतेंच हरविलें होतें आणि ८२ पैकीं ७३ सामने जिंकले होते, त्याच संघाची वाट धरली. त्यास भित्रा म्हणण्यांत आलें. बलिष्ठांनींच एकत्र यावें हें चुरशीस मारक, हा आक्षेप आम्ही अगदींच टाकाऊ मानीत नाहीं. पण मालकानें खेळाडू विकला तर तो व्यवहार, आणि खेळाडू स्वतः गेला तर ती बेइमानी, हा न्याय कोणता? ड्युरंट गेल्यावर मागें राहिलेल्या रसेल वेस्टब्रुकला साराच भार एकट्यानें उचलावा लागला, आणि २०१६-१७ मध्यें त्याची सरासरी तिन्ही बाबतींत दोन आंकडी भरली. रॉबर्टसननंतर पंचावन्न वर्षांनीं हें घडलें. वेस्टब्रुक त्या वर्षाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. ड्युरंट विजेता झाला. १९६२ चा वाद पुन्हां जसाच्या तसा उभा राहिला, फक्त या वेळीं मतें वृत्तपत्रकारांचीं होतीं.

क्रमवारीचें म्हणाल, तर १९८० सालीं त्याच वृत्तपत्रकारांच्या संघटनेनें रसेलला मंडळाच्या इतिहासांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरविलें. मंडळानें स्वतः १९९६ मध्यें पन्नास आणि २०२१ मध्यें पंचाहत्तर श्रेष्ठांची नांवें जाहीर केलीं, तीं शहाणपणानें क्रमांक न लावतां. आणि दुसर्‍या वेळीं समान मतें पडल्यामुळें पंचाहत्तरांचे शहात्तर झाले.

ऑक्टोबर २०१९ मध्यें एन. बी. ए. चे संघ प्रथमच हिंदुस्थानांत खेळले. मुंबईस वरळीच्या बंदिस्त क्रीडागारांत दोन सामने झाले, आणि पहिल्या दिवशीं प्रेक्षकांत शाळकरी मुलांची मोठी गर्दी होती. एक संघ इंडियानाचा, जो १९७६ च्या तडजोडीनें मंडळांत आला. दुसरा सॅक्रामेंटोचा, हा म्हणजे गांवें बदलत पश्चिमेस गेलेला सिनसिनाटीचा तोच जुना संघ, ज्याचें करारपत्र १९६० सालीं ऑस्कर रॉबर्टसनच्या हातीं पडलें होतें. पहिला सामना जादा वेळांत गेला आणि इंडियानानें तो एका गुणानें जिंकला.