विश्लेषण : कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने नेमका कोणता करार मोडला?

पवईत घर असलेले निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव 2016 पासून पाकिस्तानच्या कैदेत आहेत. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार त्यांना 3 मार्च 2016 रोजी बलुचिस्तानात हेरगिरी करताना पकडले. भारताचे म्हणणे असे, की निवृत्तीनंतर ते इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि त्यांना तिथून पळवून नेण्यात आले. आरोप-प्रत्यारोप अशा प्रकारे दोन्ही बाजूंनी होत राहिले. पण द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात निकाल लागला तो या मुद्द्यावर नाही, तर त्याहून साध्या वाटणाऱ्या एका हक्कावर.

तो हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारातील कलम 36 मध्ये आहे. परदेशात कोणाला अटक झाली, तर आपल्या देशाच्या दूतावासाशी संपर्क साधता येतो हे त्याला विनाविलंब सांगायचे, त्याने मागणी केल्यास दूतावासाला कळवायचे आणि अधिकाऱ्यांना त्याला भेटू द्यायचे. वकील मिळवून देणे हे या भेटीचे एक मुख्य काम. दुबईत नोकरीला गेलेला बोरिवलीचा तरुण असो की मुंबई विमानतळावर पकडलेला परदेशी प्रवासी, कलम दोघांनाही लागू आहे.

पाकिस्तानने भारताला अटकेची माहिती दिली 25 मार्च 2016 रोजी, म्हणजे तब्बल तीन आठवड्यांनी. भारताने भेटीची मागणी वारंवार केली. पुढे पाकिस्तानने अट घातली, की तपासात सहकार्य करा, मग भेटीचा विचार करू. दरम्यान लष्करी न्यायालयात खटला चालला आणि 10 एप्रिल 2017 रोजी फाशीची शिक्षा जाहीर झाली. तोपर्यंत एकही भारतीय अधिकारी जाधव यांना भेटू शकला नव्हता.

भारताने दावा एवढ्यापुरताच का ठेवला?

यामागे जुना इतिहास आहे. ऑगस्ट 1999 मध्ये भारताने पाकिस्तानी नौदलाचे ‘अटलांटिक’ विमान पाडले, तेव्हा पाकिस्तान याच न्यायालयात गेला होता. भारताने ‘तुम्हाला हा खटला चालवण्याचा अधिकारच नाही’ असा पवित्रा घेतला आणि जून 2000 मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. (जाधव प्रकरणात अधिकारक्षेत्रावर आक्षेप घेण्याची पाळी पाकिस्तानची होती.) त्यामुळे 8 मे 2017 रोजी दाद मागताना भारताने व्हिएन्ना कराराच्या पूरक मसुद्याचा आधार घेतला, कारण तो दोन्ही देशांनी स्वीकारला आहे. याची किंमतही मोजावी लागली. निष्पक्ष खटल्याच्या मानवी हक्काबद्दल भारताने केलेला युक्तिवाद ‘या मसुद्याच्या कक्षेबाहेर’ म्हणून न्यायालयाने बाजूला ठेवला.

फाशीला 18 मे 2017 रोजी स्थगिती मिळाली. त्याच वर्षी 25 डिसेंबरला जाधव यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटल्या, पण मध्ये काच होती आणि बोलणे यंत्रावरून. मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली, पत्नीचे बूट परत दिले नाहीत आणि आईला मुलाशी मातृभाषेत, म्हणजे मराठीत, बोलू दिले नाही, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितले. करारभंगाच्या तांत्रिक चर्चेत हा तपशील मागे पडतो, पण महाराष्ट्राला तोच सर्वाधिक लागला.

निकाल काय लागला?

17 जुलै 2019 रोजी न्यायालयाने 15 विरुद्ध 1 अशा मताने पाकिस्तानला करारभंगाचा दोषी ठरवले. विरोधी मत होते पाकिस्तानने नेमलेले तदर्थ न्यायाधीश तसद्दुक हुसेन जिलानी यांचे. हेरगिरीचा आरोप असला तरी कलम 36 मधून सूट मिळत नाही आणि 2008 च्या भारत-पाक करारानेही हा हक्क हिरावता येत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. भारताची बाजू एक रुपया मानधनावर मांडली ती हरीश साळवे यांनी.

मात्र शिक्षा रद्द करा, जाधव यांना सोडा, ही भारताची मागणी फेटाळली गेली. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, इतकाच आदेश निघाला. आपल्याकडे तेव्हा झालेल्या जल्लोषात ही बाजू जरा झाकलीच गेली.

आदेश पाळला नाही तर?

निकाल बंधनकारक असतो, पण अंमलबजावणीसाठी न्यायालयाकडे पोलीस नाहीत. सुरक्षा परिषदेकडे जाता येते, तिथे नकाराधिकार आडवा येतो. याच कलमावरून मेक्सिकोने 2004 मध्ये अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला होता. तरीही 2008 मध्ये टेक्सासने त्यातील एका मेक्सिकन कैद्याला मृत्युदंड दिलाच.

पाकिस्तानने उघड नकार दिला नाही. सप्टेंबर 2019 मध्ये भारतीय अधिकाऱ्यांची पहिली भेट झाली. 2020 मध्ये फेरविचारासाठी अध्यादेश निघाला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्याचा कायदा झाला. पण भेटी मोकळेपणाने होऊ दिल्या जात नाहीत, ही भारताची तक्रार कायम राहिली. भारतीय वकील देण्याची मागणी पाकिस्तानने नाकारली आणि इस्लामाबाद उच्च न्यायालयातील प्रकरण तिथेच अडकले.

एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानच्या संरक्षण मंत्रालयाच्या वकिलांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की हेगच्या निकालाने जाधव यांना दूतावासाशी संपर्काचा हक्क मिळाला, अपिलाचा नाही.